मिरचीच्या शीतगृहात आर्क्टिक

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, बर्डीवरच्या दुकानात शिरून "लोकरीचं बनियन आहे का हो?" असं विचारणाऱ्या माणसाकडे नागपूरचा दुकानदार कसा पाहतो, हे मला ठाऊक आहे. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या भाच्याकडे, मग पंख्याचं तोंड आमच्या दिशेने वळवलं आणि पोऱ्याला हाक मारली, "अबे, भाऊले पाणी दे आधी. ऊन लागलं वाट्टे."

ही गोष्ट 2024 च्या नवतप्यातली. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, नवतपा म्हणजे 25 मेपासूनचे नऊ दिवस. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नागपूरकर घरात शिरतो. त्या नऊ दिवसांत आम्ही लग्नाच्या जेवणालाही दोनदा विचार करून जातो. अशा मुहूर्तावर मी लोकर शोधत फिरत होतो, कारण भाचा आर्क्टिकला चालला होता.

अगदी ध्रुवावर नव्हे. ध्रुवाच्या अलीकडे, सुमारे 1,200 किलोमीटरवर. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलेसुंड नावाचं एक चिमुकलं गाव आहे. तिथे 1 जुलै 2008 पासून भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. भाचा हवेतल्या काजळीवर पीएच.डी. करतो. उन्हाळी तुकडीत त्याचं नाव लागलं आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो भावजींचा. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या वाऱ्यात वाढलेल्या पोराने काजळी पाहायला सात हजार किलोमीटर कशाला जायचं? गच्चीवरच्या वाळवणावर बोट फिरव म्हणावं, मिळेल.

भाच्याने शांतपणे समजावलं. बर्फ पांढरा असतो म्हणून ऊन परत फेकतो. त्यावर काजळीची नखभर पूड पडली की तो ऊन पिऊ लागतो आणि लवकर वितळतो. ही पूड कुठून, किती आणि कधी येते, ते मोजायचं तर जिथे काजळी जवळजवळ नाही अशा जागी बसावं लागतं. भावजी म्हणाले, "म्हणजे नागपुरात मोजता येत नाही, कारण इथे फार आहे." शास्त्र इतक्या थोडक्यात मांडलेलं मी क्वचितच ऐकलं आहे.

गंमत म्हणजे हे नी-ऑलेसुंड मुळात कोळशाचंच गाव. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय असलेल्या शहरातून निघालेला मुलगा पोचणार होता तो एका बंद पडलेल्या खाणीच्या वस्तीत. 1962 साली तिथे खाणीत स्फोट होऊन 21 माणसं गेली, त्यावरून पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं आणि खाण कायमची बंद झाली. कोळसा खणणारे गेले, कोळशाची काजळी मोजणारे आले.

आणखी एक योगायोग मी शोधून काढला आणि त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही. नागपूरचा रेखांश 79 अंश पूर्व. हिमाद्रीचा अक्षांश, काही मिनिटांचा हिशेब सोडला तर, 79 अंश उत्तर. आकडा तोच, फक्त आडव्याचा उभा झालेला. हे मी घरात जाहीर केलं तेव्हा ताई म्हणाली, "मग काय, ऑटोने जाईल का?"

आता प्रशिक्षण. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांची व्यवस्था चोख असते. दिल्लीच्या एम्समध्ये वैद्यकीय तपासणी, मग उत्तराखंडात औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फाची तालीम. भाचा मात्र जुलैत, महिनाभरासाठी चाललेला. बंदुकीची शिकवणी तिथे गेल्यावर, कपड्यांची यादी ईमेलवर, आणि उरलेलं ज्याचं त्याने. "ज्याचं त्याने" हे शब्द नागपुरातल्या कुटुंबाने ऐकले की ते सगळ्यांचं होतं. रविवारी बैठक बसली. ताई, भावजी, मी आणि शेजारचे निवृत्त संस्कृतचे सर.

सरांनी सुरुवातीलाच प्रशिक्षणाची गरज खोडून काढली. "कसलं प्रशिक्षण? लोकमान्यांनी 1903 साली ग्रंथ छापून सांगितलंय, आर्यांचं मूळ वसतिस्थान तिकडेच. लांबलचक उषा, सहा महिन्यांची रात्र, सगळं ऋग्वेदात आहे. पोरगा आजोळी चाललाय!"

"त्याचं आजोळ इथे त्रिमूर्तीनगरात आहे," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

लोकमान्यांचा तो सिद्धान्त विद्वानांनी पुढे स्वीकारला नाही, ही गोष्ट मी सरांना सांगितली नाही. कूलर त्यांच्या बाजूला होता. पण त्या ग्रंथाबद्दल मला वेगळंच कौतुक आहे. 1897 साली राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली, तुरुंगात मॅक्समुल्लरने पाठवलेला ऋग्वेद हाती आला, आणि ध्रुवप्रदेशाची ही कल्पना तिथे पिकली. बंद खोलीत घामाघूम होत ध्रुवाचा विचार करणं, ही मराठी माणसाची जुनी सवय आहे.

भावजींची शंका जास्त व्यवहारी होती. "आपल्या गावच्या माणसाले झेपते का पण?" यावर ताईने तयारच ठेवलेलं उत्तर काढलं. अदिती पंत. जन्म नागपूरचा. 1983-84 च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर अंटार्क्टिकावर उतरल्या, आणि या दोघी तिथे जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. "एक बाई चाळीस वर्षांपूर्वी खालच्या टोकाला जाऊन आली, आणि तुम्हाला माझ्या पोराची चिंता," असं म्हणून तिने विषय मिटवला. मग चिंता करायला ती एकटी मोकळी झाली.

तसं पाहिलं तर बर्फाचा कारभार गरम माणसांनीच करायचा, असा आपल्या देशात रिवाज दिसतो. ध्रुवीय आणि महासागरी संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र गोव्यात, वास्कोला, माडांच्या आणि मासळीच्या वासात. डिसेंबर 2023 मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम निघाली, तिच्यात सहभागी संस्था कोणती, तर पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. उष्णदेशीय! चोवीस तासांच्या अंधारात, उणे तापमानात, पाटी उष्णदेशीय. या हिशेबाने नागपूरचा हक्क खरं तर सर्वांत वरचा.

ताईचा पुढचा प्रश्न होता की त्या बर्फाचं आपल्याला काय. हा प्रश्न तिने विचारावा याचं मला नवल वाटलं, कारण ती राहते अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि ताईचा फ्रिज हॉलमधून स्वयंपाकघरात आपणहून चालत गेला. भाच्याने तोच धागा पकडला. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी 2021 साली एक शोधनिबंध छापला आहे. तिकडे कारा समुद्रावरचा बर्फ उन्हाळ्यात कमी झाला, तर इकडे सप्टेंबरच्या अतिवृष्टीशी त्याचा संबंध असू शकतो.

"म्हणजे माझा फ्रिज त्याच्यामुळे गेला?"

"तसं नाही म्हणता येत, आई. एका दिवसाच्या पावसाबद्दल तसं बोलता येत नाही."

"मग जातोस कशाला?"

"म्हणता यावं म्हणून."

मला हे उत्तर आवडलं. ताईला नाही. तिला फ्रिजची भरपाई अपेक्षित होती.

मग कपडे. यादीत लोकरीचे आतले कपडे तीन जोड, वर जाड गरम थर, त्यावर वारा अडवणारा थर, आणि तळाशी ठळक अक्षरांत एक सूचना होती: सुती कपडे नकोत. ती वाचून ताईचा चेहरा उतरला. तिने सकाळीच बर्डीवरून पांढरी सुती बनियनं आणली होती. सहा. कापूस नको म्हणजे काय? विदर्भातल्या माणसाने अंगाला कापूस लावायचा नाही? ज्या गावात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, ज्या मुलखात पिकाला पांढरं सोनं म्हणतात, त्या मुलखाचा अपमान होता हा.

भाचा म्हणाला, "आई, थंडीतही चढ चढताना घाम येतो. सुती कापड तो पिऊन बसतं, सोडत नाही. मग थांबलो की वारा लागतो आणि..."

"कूलर!" भावजी ओरडले.

बाकी कुठल्याही गावात या वाक्याला अर्धा तास लागला असता. पण कूलरचं पदार्थविज्ञान नागपूरकराच्या रक्तात आहे. वाळ्याची ताटी, तिच्यावरून टुल्लू पंपाने सोडलेलं पाणी, मागून पंखा. पाणी वाफ होऊन उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं, आणि खोली गार होते. ओलं सुती बनियन म्हणजे अंगावर चढवलेली ताटी. बर्फाच्या वाऱ्यात अंगावर चालू कूलर घेऊन फिरायचं. ताईलाही ते पटलं, पण बनियनं तिने बॅगेतून काढली नाहीत. पटणं आणि काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

लोकर बर्डीवर मिळाली नाही. तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल हिवाळ्यात लागतात, मे महिन्यात त्यांच्या जागी टरबुजं असतात. शेवटी ऑनलाइन मागवली. माल घेऊन आलेला मुलगा डोक्याला दुपट्टा, डोळ्याला चष्मा, हाताला मोजे अशा थाटात होता. अंगाचा एक इंच दिसत नव्हता. भाचा त्याच्याकडे पाहतच राहिला. मग मोबाइलवर हिमाद्रीतला एक फोटो काढून त्याने मला दाखवला. डोक्याला टोपी, नाकावर पट्टा, डोळ्याला चष्मा, हाताला मोजे. दोघांत फरक फक्त ऋतूचा होता.

आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की आम्ही शिकवणी उगाच लावतो आहोत, पोरगा शिकूनच जन्मलाय.

बघा ना. आर्क्टिकचा पहिला नियम, हवेचा मान राखा. नागपुरात बारा ते चार कोणी बाहेर पडतं का? पडलं तर सांगून पडतं, कुठे चाललो, कधी परत येणार. तहान नसली तरी पाणी प्या, हा दुसरा. थंडीत माणूस पाणी प्यायचं विसरतो म्हणे. आमच्या आज्यांनी गडूभर पन्हं आणि खिशात कांदा दिल्याशिवाय कोणाला उंबरा ओलांडू दिला नाही. तिसरं, झोप. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही, रात्री दोन वाजताही खिडकीतून लख्ख ऊन. परदेशी शास्त्रज्ञांना म्हणे सुरुवातीला झोपच लागत नाही. भाच्याला या बाबतीत कोणी काय शिकवणार? दुपारी दोनला, बाहेर 45 अंश आणि डोळे दिपवणारं ऊन असताना, पडदा ओढून, कूलरच्या घरघरीत घोरणं ही विद्या त्याने बालवाडीत असतानाच आत्मसात केली होती.

चौथं, चपला. स्वालबार्डात घराच्या, हॉटेलाच्या, अगदी संग्रहालयाच्या दारातही पादत्राणं काढायची पद्धत आहे. कोळशाच्या खाणीतून आलेल्यांनी काळे बूट बाहेर ठेवावेत म्हणून पडलेली. हे ऐकून ताईला त्या देशाबद्दल प्रथमच आदर वाटला. "संस्कार आहेत," ती म्हणाली.

तो आदर पुढच्या मुद्द्यावर टिकला नाही. नी-ऑलेसुंडमध्ये दारांना कुलूप लावत नाहीत. पांढरं अस्वल समोर आलंच, तर जे दार जवळ असेल ते उघडून आत शिरता यावं म्हणून.

"आणि ते दार अस्वलाने उघडलं तर?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. कोणाकडेच नव्हतं. कूलरमधून थेंब पडत राहिले.

अस्वलाचं प्रकरण ताईला पटवणं सर्वांत अवघड गेलं. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलाला पळवून लावायचं साधन बरोबर हवं, म्हणून शास्त्रज्ञ तिथे खांद्याला रायफल अडकवून काजळी मोजायला जातात. गोळी मात्र अगदी शेवटचा उपाय. आधी मागे व्हायचं, आवाज करायचा, धूर-उजेडाची पिस्तूल उडवायची. अस्वल मारलं गेलंच तर गव्हर्नरच्या कचेरीकडून रीतसर चौकशी. भावजी म्हणाले, आपण वाघाच्या राजधानीतली माणसं, आपल्याला काय अस्वलाचं? पण मला ताडोबाचा एक दौरा आठवला. वाघीण रस्त्यावर आली आणि मिनिटभरात तिच्याभोवती सात जिप्सी, पंधरा कॅमेरे आणि एका काकांची खोकल्याची उबळ. स्वालबार्डात आता 2025 पासून नियम असा आहे की अस्वलापासून किमान 300 मीटर लांब राहा, मार्च ते जून 500 मीटर. म्हणजे या एका विषयात आमचं प्रशिक्षण पार उलटं झालेलं आहे. भाच्याला बजावून सांगितलं, अस्वल दिसलं तर "इकडे, इकडे घे गाडी" असं म्हणायचं नाही.

उरला प्रत्यक्ष थंडीचा सराव. माझ्या एका मित्राचं कळमन्याकडे शीतगृह आहे, त्यात लाल मिरची ठेवतात. आत पाच-सहा अंश. 30 मेच्या दुपारी नवी लोकर, टोपी, मोजे असा सगळा सरंजाम चढवून भाच्याला आत सोडला. तासभर थांबायचं, ठरावीक वेळाने वहीत नोंद करायची, असा कार्यक्रम मी आखून दिला होता. थंडीने त्याचं काही बिघडलं नाही. बिघडवलं मिरचीने. विसाव्या मिनिटाला तो डोळे लाल, नाक लाल, शिंकांवर शिंका अशा अवस्थेत बाहेर आला, आणि आतून पाच अंशांतून थेट अंगणातल्या उन्हात. लोकरीसकट. वहीत एकच नोंद होती आणि तीही वाचता येत नव्हती.

नेमकं त्याच दिवशी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश तापमान दाखवलं. देशभर बातमी गेली. पुढे हवामान खात्याने तपासून सांगितलं की यंत्राच्या सेन्सरमध्येच बिघाड होता. भाचा म्हणतो खात्याचं बरोबर आहे. मला त्या यंत्राविषयी सहानुभूती वाटते. मीही त्या दिवशी बाहेर होतो आणि माझ्यातही बिघाड झाला होता.

रात्री बर्फाची पिशवी डोक्यावर ठेवून भाचा तक्ते चाळत बसला होता. एकदम हसायला लागला. नी-ऑलेसुंडचं जुलैचं सरासरी तापमान पाच-सहा अंश. उबदार सागरी प्रवाह त्या किनाऱ्यापर्यंत पोचतो, म्हणून इतक्या उत्तरेलाही उन्हाळा सौम्य. म्हणजे मिरचीच्या शीतगृहात आम्ही अजाणता अगदी अचूक आर्क्टिक गाठला होता. पुढचं त्याहून मजेदार. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. त्या दिवशी भाचा कॉलेजला गेला होता, स्कूटीवर, अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरात, आणि वाटेत तर्री-पोहे खाऊन.

जाण्याआधीचा शेवटचा तंटा मोबाइलचा. नी-ऑलेसुंडच्या भोवती वीस किलोमीटरपर्यंत वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. तिथल्या मोठ्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसारांचे क्षीण रेडिओ संकेत ऐकतात आणि त्यावरून पृथ्वी किती फिरली, कोणता भूखंड किती सरकला ते मिलिमीटरांत मोजतात. आमच्या झिरो माइलजवळच्या 1907 च्या मोजणीच्या दगडाचा हा दूरचा नातू म्हणायचा. फोन चालू ठेवला तर त्याच्या कानात गोंगाट होतो. ताईने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जेवला की नाही ते मला कसं कळणार?" संगणकाला वायर जोडून बोलता येतं असं कळल्यावर क्वेसारांना परवानगी मिळाली.

सामानात संत्रा बर्फीचे दोन डबे गेले. जुन्या दर्यावर्द्यांना स्कर्व्ही व्हायचा, तो क जीवनसत्त्वाच्या अभावाने आणि संत्र्या-लिंबांनी बरा व्हायचा, हे भावजींनी कुठेतरी वाचलं होतं. बर्फीत साखर आटवताना ते जीवनसत्त्व कितीसं उरतं, हे त्यांना सांगायची हिंमत घरात कोणाची झाली नाही. डबे मात्र तिसऱ्या दिवशीच संपले. तिथल्या जर्मन शास्त्रज्ञांनी संपवले म्हणे.

भाचा ऑगस्टमध्ये परतला. अस्वल दिसलं नाही. काजळी सापडली, थोडी. तिथल्या थंडीबद्दल विचारलं तर म्हणाला, "मामा, कळमन्यापेक्षा बरी." सुती बनियनं सहाच्या सहा घडीसुद्धा न मोडता परत आली. सध्या ती मी वापरतो.